खांदा बसला पाहिजे

आमच्याकडे पुरुषांचे कपडे विकत घेत नाहीत, ते येतात. लग्नात येतात, मुंजीत येतात, वास्तुशांतीला येतात. शर्टपीस, पॅन्टपीस आणि वर टॉवेल-टोपी. खोक्याच्या झाकणाला पारदर्शक कागदाची खिडकी, आणि त्या खिडकीतून डोकावणारा तोच तो राखाडी रंग. यातले निम्मे पीस आम्ही पुढच्या आहेरात सरकवतो. त्यातला एखादा चार घरं फिरून आमच्याकडेच परत येतो. खोक्याच्या तळाशी पेन्सिलीनं लिहिलेलं 'डोंबिवलीचे काका' हे अक्षर माझंच असतं. उरलेले पीस मी शिवून घालतो. म्हणजे आजवर माझ्या अंगावर जे रंग चढले ते दुसऱ्या कुणीतरी, बहुधा दुकान बंद व्हायच्या वेळेला, निवडलेले आहेत.

लहानपणी शिंपीमास्तर विचारायचे, "फिटिंग ठेवू की लूज?" आणि वडील म्हणायचे, "लूजच ठेवा, वाढतं अंग आहे." ते वाढतं अंग आजही थांबलेलं नाही. फक्त पूर्वी ते उंचीला वाढायचं.

असं सगळं सुरळीत चाललेलं असताना भाचीचं लग्न ठरलं. तारीख मे महिन्यातली. तिचा फोन आला. "मामा, तू काहीही घाल, पण तो सफारी नको."

सफारीबद्दल दोन शब्द बोललेच पाहिजेत. चॉकलेटी रंग, अर्ध्या बाह्या, चार खिसे. एके काळी हा पोशाख घातलेला माणूस दारात उभा राहिला की तो एकतर विम्याचा हप्ता मागणार किंवा जप्ती आणणार असं लोक धरून चालायचे, इतकं त्या पोशाखाला वजन होतं. चार खिशांत चष्मा, पास, तंबाखू आणि हिशेबाची वही अशी शिस्तीत विभागणी व्हायची. पण लग्नात मुलीला बोहल्यावर आणायचं काम मामाचं, आणि त्या दोन मिनिटांत मांडवातला प्रत्येक मोबाइल मामाच्या दिशेनं वळलेला असतो. सफारी त्या चित्रात बसत नाही, हे मला मान्य करावं लागलं. मला तयार करायची जबाबदारी तिनं आपल्या धाकट्या भावावर, म्हणजे माझ्या भाच्यावर, टाकली.

भाचा आला तो थेट माझ्या कपाटात शिरला. एकेक शर्ट माझ्या अंगावर धरून बघितला आणि म्हणाला, "मामा, तुझा खांदा कुठे संपतो माहितेय तुला?"

मला खरंच माहीत नव्हतं. शर्टाची असो की कोटाची, खांद्याची शिवण खांद्याच्या हाडावर संपली पाहिजे. माझ्या सगळ्या शर्टांची ती दंडावर उतरलेली होती. पोट आत घेता येतं (कोटाचं), बाही आखूड करता येते, पॅन्टची उंची कमी होते. पण खांदा चुकला तर मुंढ्यापासून सगळं उसवावं लागतं, आणि त्या पैशात दुसरा कोट होतो. म्हणून घेताना खांदा बघायचा, बाकीचं अल्टर. हे ऐकल्यावर मी दिसेल त्याच्या खांद्याकडे बघायला लागलो. लोकलमध्ये एका गृहस्थांच्या शिवणीकडे बघत असताना ते बॅग छातीशी धरून पुढच्या डब्यात गेले.

पहिली मोहीम लोअर परळच्या मॉलवर. हा मॉल फिनिक्स मिलच्या आवारात उभा आहे. माझे आजोबा याच भागातल्या एका गिरणीत साचेखात्यात होते. कापडाचा कोपरा अंगठा आणि तर्जनीत धरून एकदा चोळला की सूत किती नंबरचं आणि कापड कुठल्या गिरणीचं, हे ते न बघता सांगत. 1982च्या संपानंतर गिरण्या एकेक करून मिटल्या आणि आता त्याच जमिनीवर त्यांचा नातू सरकत्या जिन्यानं वर जाऊन शर्ट विकत घ्यायला निघालेला. तिथल्या एका शर्टाच्या गळ्यातलं लेबल बघितलं तर 'मेड इन बांगलादेश'. आजोबा असते तर तो शर्ट चोळून काहीतरी बोलले असते. मी नुसती किंमत वाचली आणि शर्ट होता तसा घडी करायचा प्रयत्न केला. ती घडी पुन्हा जमत नाही.

"साइज, सर?" काउंटरवरच्या मुलानं विचारलं.

"अडतीस," मी ठणकावून सांगितलं. माझी छाती अडतीस इंच असल्याचं मला चांगलं आठवत होतं. कॉलेजात एनसीसीसाठी मोजली होती.

ट्रायल रूममध्ये गेल्यावर कळलं की अडतीसच्या शर्टाचं वरचं बटण आणि त्याचं काज यांची भेट होणं शक्य नाही. भाच्यानं दाराबाहेरून शिकवणी घेतली. रेडिमेड फॉर्मल शर्टावरचा तो आकडा बहुतेक वेळा छातीचा नसतोच. तो कॉलरचा असतो आणि तोही सेंटिमीटरमध्ये. म्हणून तर अडतीस, एकोणचाळीस, चाळीस आणि मग एकदम बेचाळीस असा तो क्रम. एकोणचाळीस इंच छातीचे वेगळे लोक कोण असतात हे कोडं मला बरीच वर्षं होतं, ते सुटलं. कॉलर लावल्यावर आत दोन बोटं सहज गेली पाहिजेत. मी चाळीसमध्ये दोन बोटं घालून दाखवली, मुलानं विचारलं, "सर, पाणी आणू?"

बेचाळीसची कॉलर बसली, पण तो 'स्लिम फिट' निघाला. पोटावर बटणांच्या मधोमध शंकरपाळ्यासारख्या फटी पडल्या आणि त्यातून बनियन दिसू लागला. मुलगा म्हणाला, "कापड स्ट्रेचेबल आहे, सर. वापरून सैल होईल." त्याआधी पाच मिनिटं, ढगळ शर्ट घातला होता तेव्हा, हाच मुलगा म्हणाला होता, "धुतल्यावर बसेल, सर." जगातल्या कुठल्याही मापाच्या शर्टाला ही दोन वाक्यं पुरतात. मी तो शर्ट डोक्यावरून काढायला गेलो आणि कोपरं वर अशा अवस्थेत अडकलो. आरसा तिन्ही बाजूंना होता. आपली पाठ कशी दिसते हे माणसाला सहसा कळत नाही आणि ती सोय निसर्गानं विचारपूर्वक केलेली आहे. शेवटी भाचा आणि तो मुलगा असे दोघं आत आले. एकानं बाह्या धरल्या, एकानं मला.

पॅन्टनं मात्र सुख दिलं. लेबलावर चौतीस, आणि ती लागली! मी तिथल्या तिथे एकाऐवजी दोन घ्यायला निघालो. भाच्यानं खिशातून टेप काढून पॅन्टचा पट्टा मोजला. छत्तीस इंचांच्या वर. गिऱ्हाइकाला बरं वाटावं म्हणून कंपन्या लेबलावर कमी आकडा घालतात म्हणे. भाच्याला ही फसवणूक वाटली. मला तर इतक्या सहृदयतेनं आजवर कोणी वागवलं नव्हतं. शिवाय, त्याचं म्हणणं, मी पॅन्ट कमरेवर घालतच नाही, पोटाच्या खाली घालतो आणि तिथल्या मापाला कंबर म्हणतो. दोन्ही पॅन्टी परत हँगरला गेल्या.

मग फॅशन स्ट्रीट. आझाद मैदानासमोर, महात्मा गांधी रस्त्याच्या कडेला ओळीनं लागलेली ती दुकानं. निर्यातीतून उरलेला माल, लेबलं कापलेली. भाच्यानं बजावलं, "तो सांगेल त्याच्या तिसऱ्या हिश्श्यापासून सुरू कर, आणि चेहऱ्यावर काही दाखवू नको." मी निळ्या रेघांचा एक शर्ट उचलला. "सहाशे." मी चेहऱ्यावर काही न दाखवता म्हणालो, "दोनशे." तो म्हणाला, "घ्या." घासाघीस करणाऱ्या माणसाचा याहून मोठा पराभव नसतो. घरी येऊन घातला तर बटणं उलट्या बाजूला. पुरुषांच्या शर्टाची बटणं उजव्या पट्टीला असतात आणि बायकांच्या डाव्या, हे ज्ञान मला दोनशे रुपयांत झालं. खांद्याची शिवण बायकोच्या हाडावर बिनचूक संपत होती. ती तो शर्ट अजून घालते.

रेडिमेडचा नाद सुटला आणि आम्ही मंगलदास मार्केटला कापड घ्यायला गेलो. क्रॉफर्ड मार्केटजवळच्या त्या अरुंद गल्ल्यांत दोन्ही बाजूंनी तागे उभे असतात आणि मधून चालणाऱ्यानं पोट आत घेऊनच चालायचं असतं. कोटपॅन्टला साधारण सव्वातीन मीटर कापड लागतं. दुकानदारानं मला वरपासून खालपर्यंत बघितलं आणि न विचारता साडेतीनवर कात्री धरली. मी आजोबांची आठवण ठेवून कापडाचा कोपरा अंगठा आणि तर्जनीत धरला, डोळे मिटले, चोळला.

"काय कळलं?" दुकानदारानं उत्सुकतेनं विचारलं.

"मऊ आहे," मी म्हणालो.

पुढचं सगळं भाच्यानं ठरवलं. गडद निळा रंग, कारण काळा रंग दिवसा उन्हात कळकट दिसतो. लोकर मिसळलेलं पण हलकं कापड, आणि अस्तर अर्धंच, फक्त खांद्याला आणि बाह्यांना, कारण मेमध्ये पूर्ण अस्तराचा कोट घालून मुंबईत उभं राहणं हा आत्मक्लेशाचा प्रकार आहे. हा सल्ला सोन्याचा होता. पूर्ण अस्तरवाले नवरदेवाचे काका लग्नात मंगलाष्टकांच्या आतच दोनदा पंख्याखाली जाऊन आले.

मास्तरांचं दुकान परळच्या एका गल्लीत, जिन्याखाली. मास्तर टेप लावून आकडे पुकारतात आणि वहीत लिहिणारा पोऱ्या ते मोठ्यानं परत म्हणतो.

"खांदा अठरा."

"अठराऽ."

"छाती चाळीस."

"चाळीसऽ."

"पोट बेचाळीस."

पोऱ्यानं पेन थांबवलं. "मास्तर, छाती ना?"

"छाती लिहिलीस. हे पोट."

"पोट बेचाळीऽऽस," पोऱ्या म्हणाला. बाहेरच्या पानवाल्यानं मान वाकवून आत बघितलं.

आणि हे बेचाळीस मी श्वास रोखून धरल्यावरचे होते. माप देताना श्वास सोडून, हात मोकळे टाकून, रोज उभे राहतो तसे उभे राहा, असं भाच्यानं तीन वेळा सांगितलं होतं. पण टेप पोटाकडे आली की श्वास आपोआप आत जातो. त्यात माणसाचा काही इलाज नाही. कच्च्या शिलाईच्या ट्रायलला कोट घातला तेव्हा तो मला आतून धरून बसला. मी बारीक आवाजात मास्तरांना म्हटलं, "जरा..." मास्तरांनी पाठीमागून शिवण चाचपली. "दीड इंच मार्जिन सोडलंय आत. तुम्ही श्वास धरला होता ना? सगळे धरतात."

राहता राहिल्या जोडीच्या वस्तू. इथे भाच्याची वही लांबलचक होती. बेल्ट आणि बूट एकाच रंगाचे. बेल्ट पॅन्टच्या मापाहून दोन इंच मोठा घ्यायचा, म्हणजे पाच भोकांपैकी मधलं लागतं; माझ्या जुन्या बेल्टला पाचवं संपून, खिळा ठोकून केलेलं सहावं चालू होतं. मोजे बुटाच्या नव्हे, पॅन्टच्या रंगाचे, आणि बसल्यावर नडगी दिसणार नाही इतके उंच. टायचं टोक बेल्टच्या बकलाला टेकलेलं. आता माझं बकल मला सरळ उभं राहून दिसत नाही, त्यामुळे टाय कुठे टेकला हे दुसऱ्यानं सांगावं लागतं, आणि पोटावरून वळसा घेऊन जायचं असल्यानं तो दरवेळी अलीकडेच थांबतो.

पायात कोल्हापुरी घालीन, असा मी एक प्रयत्न करून बघितला. त्यामागे अभ्यास होता. कोल्हापुरी चपलेला 2019 साली भौगोलिक मानांकन मिळालेलं आहे. जून 2025मध्ये मिलानला प्राडाच्या पुरुषांच्या फॅशन शोमध्ये अगदी तसल्याच चपला घालून मॉडेल चालले, नाव कोल्हापूरचं घेतलं नाही म्हणून इकडे केवढा गदारोळ झाला, आणि मग कंपनीला ते मान्य करावं लागलं. "मिलानला चालतं, मग दादरला का नाही?" मी विचारलं.

"त्या मॉडेलांचा खांदा बसलेला होता," भाचा म्हणाला.

शेवटी कोटाच्या वरच्या खिशात ठेवायचा रुमाल. तो टायच्याच कापडाचा नको, नुसता रंगानं जुळणारा हवा, इथपर्यंत मी शिकलो होतो. पण तीन टोकं वर काढून घडी घालणं काही जमेना, म्हणून भाच्याला न सांगता मी तयार घडी घातलेला आणला. पांढराशुभ्र, तिन्ही टोकं टोकदार. खिशात घातला की हलत नाही, चुरगळत नाही. तो असा का वागतो याचा मी विचार केला नाही.

लग्नाच्या दिवशी मी हॉलच्या दारात उभा राहिलो तेव्हा, खोटं कशाला बोलू, माझ्यात काही कमी नव्हतं. खांदा हाडावर. कोटाच्या बाहीतून शर्टाचा कफ अर्धा इंच बाहेर. वरचं बटण लावलेलं, खालचं उघडं. हा खालचं बटण न लावण्याचा रिवाज इंग्लंडच्या सातव्या एडवर्ड राजाच्या पोटामुळे पडला अशी एक गोष्ट सांगतात आणि ती खरी असो नसो, मला त्या राजाबद्दल आपुलकी आहे. पाठीमागे कोटाला दोन चिरे, त्यांना घातलेला फुलीचा पांढरा दोराही आठवणीनं कापलेला.

आत शिरलो आणि समोर आत्या.

"अरे, घाईत बटण राहिलं बघ," असं म्हणून तिनं खालचं बटण लावलं. कफ दिसला तसा "शर्ट बाहेर आलाय" म्हणत तो दोन बोटांनी आत सारला. मग मला वळवून पाठ बघितली. "अगंबाई, मागे दोन्हीकडे उसवलंय की रे! आणि नवा कोट!" मी चिरे म्हणजे काय हे समजावेपर्यंत तिनं बांगडीतल्या दोन सेफ्टी पिना काढून दोन्ही चिरे बंद केले होते. ज्या तीन गोष्टी शिकायला मला एवढी पायपीट पडली, त्या आत्यानं मिनिटभरात दुरुस्त केल्या. वर पाठीवर थोपटलं.

पिना लागल्यापासून कोट खालून घट्ट झाला. लांब पाऊल टाकता येईना, हात मागे बांधून छोट्या पावलांनीच चालावं लागे. त्यात बोहल्यापाशी बूट काढायचे. पुरुषी पोशाखाचं सगळं शास्त्र बुटावर येऊन संपतं, आणि आपल्याकडे ऐन वेळी बूट बाहेर असतात. ही गोष्ट भाच्याच्या वहीत नव्हती. पॅन्टची उंची मास्तरांनी बूट घालून घेतली होती. बूट गेल्यावर ती टाचेखाली आली. भाचीला घेऊन मी निघालो, दुसऱ्याच पावलाला स्वतःच्या पॅन्टवर उभा राहिलो आणि पुढे जाईना. "मामा, चल ना," भाची ओठ न हलवता म्हणाली. तिनंच मला बोहल्यावर नेलं.

मंगलाष्टकं सुरू झाली, ताईचे डोळे भरून आले. तिला रुमाल सापडेना. अशा वेळी भावानं काय करावं हे सिनेमात बघितलेलं असतं. मी खिशावरची ती पांढरीशुभ्र तीन टोकं धरली आणि झोकात ओढली. हातात एक पुठ्ठ्याचा चौकोन आला. वर कापडाचे तीन त्रिकोण शिवलेले, खाली कोरा पुठ्ठा. ताईनं तो घेतला, उलटसुलट करून बघितला, एका त्रिकोणानं एक डोळा टिपला आणि हसू आवरेना म्हणून पदर तोंडाला लावला. फोटोत ती हसतेच आहे. पुठ्ठा मी आतल्या खिशात टाकला.

पंगतीच्या वेळी गडद निळा कोट, हात मागे, छोटी पावलं अशा अवस्थेत मी दोन ओळींच्या मधून चाललो होतो. वराकडच्या एका गृहस्थांनी मला थांबवलं. "अहो, या ओळीत मसालेभात दुसऱ्यांदा फिरलाच नाही. आणि जिलब्या गार आहेत."

मी वधूचा मामा आहे, हे सांगायला तोंड उघडलं होतं. पण त्यांच्या मागे वाढपी पातेलं घेऊन उभा होता आणि तो माझ्याकडे बघून म्हणाला, "साहेब, भात इकडे आणू?" आजवर सफारीत मी कुणाला काही सांगितलं तर ते लोक ऐकून झाल्यावर आपलं काम पुढे चालू ठेवत. मी म्हटलं, "आण. आणि तूप विसरू नको." तो धावला. मग मी मठ्ठ्याच्या मुलाला शेवटच्या टोकाकडे पाठवलं, अळूचं भांडं फिरवायला लावलं, गरम जिलब्या मागवल्या. एका मुलानं तर हात पुसून विचारलं, "दुसरी पंगत कधी बसवायची, साहेब?" मी घड्याळात बघून वेळ सांगितली आणि खरंच त्या वेळेला पंगत बसली.

निघताना ते गृहस्थ हात पुसत माझ्याकडे आले. "व्यवस्था फार छान ठेवलीत. पुढच्या महिन्यात आमच्याकडे मुंज आहे. तुमचं कार्ड असेल तर द्या."

कार्ड नव्हतं. मी आतल्या खिशातून पुठ्ठा काढला, कोरी बाजू वर केली आणि पेन उघडलं.

"तारीख सांगा," मी म्हणालो. "आणि पानं किती?"

"दीडशे धरा."

"अळू ठेवायचं ना?"